प्रणितची नाडी

प्रणितला जाऊन अकरा आठवडे झाले. खाडीकाठी, खाजणाच्या बांधावर धावताना मागून अजून त्याची पावलं ऐकू येतात. मी विद्यापीठात व्यायामशास्त्र शिकते, म्हणून पहिली भीती ओसरल्यावर मी ती मोजली. माझी मिनिटाला एकशे साठ पावलं पडतात. मागची एकशे शहात्तर. प्रतिध्वनी असता तर आकडा सारखा आला असता. मी थांबले की तीही थांबतात. वळून पाहिलं तर भरतीचं पाणी आणि बगळे.

तो आमच्या गडब गावचाच. पोलीस भरतीची तयारी करायचा. माझ्या प्रबंधासाठी मी गावातल्या भरतीच्या मुलामुलींची चाचणी घेतली होती. शाळेच्या पायरीवर तीन मिनिटं चढउतार, मग मनगटावर नाडी. त्याची नाडी मोजताना मधला एक ठोका गळाला. परत गळाला. मिनिट उलटलं तरी वेग उतरेना.

"काय गो मनू, जिता हाय ना मी?"

"गप. बोललास की मोजणं चुकतं."

"तुझं घड्याळच झोपलंय बघ."

रांगेतले सगळे हसले. मला वाटलं, माझं बोट सरकलं असेल. त्याला बसवून ठेवलं, पुन्हा चाचणी घेतली, मग तिसऱ्यांदा. तिसरा आकडा इतरांसारखा आला. तोच मी तक्त्यात लिहिला आणि पहिले दोन खोडले. आम्हाला शिकवतात ते नेमकं उलट. न पटणारा आकडा खोडायचा नसतो, त्याचं कारण शोधायचं असतं.

सहा आठवड्यांनी सोळाशे मीटरचा सराव करताना तो याच बांधावर कोसळला. घरच्यांनी शवविच्छेदन होऊ दिलं नाही. ऊन लागलं, असं ठरलं.

रविवारी सकाळी त्याची धाकटी बहीण मृणाली बांधावर आली. गुरुवारी अलिबागला तिचं पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी होती, आठशे मीटर.

"मनूताय, टायमिंग लाव. दादाचं राहिलं ते मी करनार."

काही हृदयविकार भावंडांत सारखे उतरतात. हे मला अकरा आठवडे माहीत होतं. तरी मी घड्याळ सुरू केलं. ती सुटली, आणि पन्नासेक मीटरवर तिच्या पावलांत दुसरी पावलं मिसळली. तिच्या पुढे नाही, मागे नाही, अगदी बरोबर.

"थांब! मृणाली, थांब!"

ती चिडून परत आली. "काय झालं? चांगला पिकअप घेतलेला ना!"

मी सगळं सांगितलं. गळालेले ठोके, खोडलेले आकडे. "तुझंही तसंच असेल असं नाही. पण ईसीजी आणि इको केल्याशिवाय धावू नको."

"तुला ठाऊक व्हतं?"

"आकडा ठाऊक होता. त्याचा अर्थ मी शोधला नाही."

"आय रोज म्हनते, मीच त्याला उन्हात जाऊ दिला. रोज, मनूताय."

तिने माझं मनगट धरलं.

"चल. तिला सांग."

"आधी तुझी तपासणी..."

"नाय. आधी आय."

मृणालीची आई विमलबाई घरी ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. मृणालीने त्यांच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं. "आय, हिचं ऐक." मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, असा विकार भावंडांत उतरू शकतो हेही. विमलबाईंनी विचारलं,

"म्हंजे ऊन नव्हतं?"

"नुसतं ऊन नसणार, काकी. खात्रीने आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी हात पदराला पुसले. मग मृणालीच्या पायांकडे पाहिलं.

"ते बूट काढ आधी."

"आय, गुरुवारी..."

"काढ म्हन्ते ना."

मृणालीने नाड्या सोडल्या. विमलबाईंनी ते बूट उचलून आत नेले आणि कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा मी अजून तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सूप उचललं आणि पाखडायला लागल्या.