उतरवलेली तार
अबू वाहिब म्हणजे दिलदार माणूस, असं सगळं बगदाद म्हणे. पाहुण्याने घरातल्या एखाद्या वस्तूची तीनदा तारीफ केली, की ती त्याच्या पदरात पडलीच म्हणून समजा. गेल्याच महिन्यात त्याचा काळा घोडा असा गेला. दिलदारीला काळीज कशाला लागतं, घर भरलेलं असलं की झालं.

बुस्तान आणि तिची मुलगी जुमान या त्या भरलेल्या घरातल्याच दोन वस्तू. आई विकत आणलेली गायिका, मुलगी तिथेच जन्मलेली.

शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली आणि नदीकडच्या ओसरीवर मैफल बसली. पडद्याच्या पुढे पाहुणे, मागे मायलेकी. मुख्य पाहुणा मर्वचा सरदार, दीड-दोन महिन्यांच्या वाटेवरचा. बाकीचे फुकट जेवायला आलेले कवी आणि वादक.

जुमानचं पहिलं गाणं संपलं तसा सरदार म्हणाला, "वा, अबू वाहिब, काय गळा आहे!"

एक, बुस्तानने मनात मोजलं.

दुसऱ्या गाण्याला सरदाराने रंगात येऊन स्वतःचा अंगरखा टराटरा फाडला. "असा गळा आमच्या अख्ख्या मुलखात नाही हो."

"जपून, सरदार," एक कवी म्हणाला, "अजून एक गाणं बाकी आहे, अंगावर काहीतरी राहू द्या."

सगळे हसले. बुस्तानची मोजणी चालूच होती. दोन झाली होती.

जुमान मात्र कौतुकाने फुलली होती. सतरा वर्षांची पोर; घोड्याच्या रांगेत स्वतःला धरायचं तिला कुठून सुचणार? ती पाणी प्यायला कोपऱ्यात गेली, तेवढ्यात बुस्तानने तिचं ऊदवाद्य मांडीवर ओढलं आणि दोन खुंट्या पिळून तारा सुरातून उतरवल्या. आता गाणं फसेल. हसं होईल, मालक चिडेल, पोरीला चार दिवस कोंडून ठेवील. ठेवू दे. डोळ्यांसमोर तरी राहील.

जुमानने वाद्य छेडलं आणि तार बेसूर भणभणली. पलीकडे कोणीतरी फिदकन हसलं.

आईकडे पाहून जुमानही हसली.

तेव्हा बुस्तानला आपली चूक कळली. पोर सात वर्षांची असल्यापासून ती स्वतःच असं करत आली होती. मुद्दाम तार उतरवायची आणि म्हणायची, थांबायचं नाही, त्याच तारेवर सूर शोधायचा. जुमानला वाटलं, आई आजही परीक्षाच घेतेय. तिची बोटं दांडीवर वर सरकली, सूर सापडले, आणि ती जन्मात गायली नव्हती इतकी सुंदर गायली.

"अहो, तारा उतरल्यात तिच्या," पडद्यापलीकडे एक म्हातारा वादक थक्क होऊन म्हणाला. "उतरलेल्या तारांवर वाजवतेय ही पोरगी."

"याला तोड नाही, अबू वाहिब," सरदार म्हणाला.

"मग ती तुमचीच झाली," अबू वाहिब म्हणाला. खजुराचं ताट पुढे सरकवावं इतक्या सहज.

टाळ्यांच्या गलक्यात जुमानला ते ऐकू आलं नाही. बुस्तानला आलं. उठून काही बोलावं तर कोणाशी, आणि कोणत्या हक्काने?

जुमान तिच्या कानाशी वाकली. "तूच उतरवल्यास ना गं? ओळखलं मी. सांग की आई, चुकले कुठे?"

बुस्तानने ओढणीच्या टोकाने तिच्या कपाळावरचा घाम टिपला.

"नाही गं बाळा," ती म्हणाली, "कुठेच नाही चुकलीस."