देवी काढणारा इब्राहीम

"पुन्हा सांगा बाई, मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू द्या!" डॉक्टर मधुसूदन चावडीच्या पायरीवरून म्हणाले.

गारखेड्याची द्वारकाबाई तान्ह्या नातीला कडेवर घेऊन उभी होती. आदल्या दिवशी गावात दवंडी पिटली होती, सरकारी माणूस देवी काढायला येणार. ते ऐकून म्हातारीनं देव्हाऱ्यातला देवीचा चांदीचा टाक ज्वारीच्या कणगीत दडवला होता. "देवी काढून न्याल, मंग गावाला कोन सांभाळील?" एवढंच तिनं विचारलं होतं.

माणसं पोट धरधरून हसली. द्वारकाबाई घराकडे वळली, आणि तिच्यामागं पाच-सहा बायाही आपली लेकरं उचलून चालत्या झाल्या.

इब्राहीम टोचायचं नश्तर हातात धरून बघत राहिला. तेवीस वर्षं तो निजाम सरकारच्या नोकरीत देवीची लस टोचत होता. शहागंजापासून सोयगावापर्यंत माणसांच्या दंडांवर त्याच्या हातच्या खुणा होत्या आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. आता साथ शेजारच्या गावापर्यंत आली होती, आणि त्या बाया निघून गेल्या होत्या.

"अशाच अडाणी बडबडीपायी गेल्या साली अकरा पोरं दगावली," डॉक्टर म्हणाले. "चारचौघांत लाज काढली की येते अक्कल."

"आपन देवी काढायला आलो साब, लाज काढायला नाय," इब्राहीम म्हणाला.

अकरा पोरांचं खोटं नव्हतं. पण नोकरीच्या तिसऱ्या वर्षी इब्राहीमनंही सोयगावच्या बाजारात फकिरा नावाच्या माणसाची अशीच रेवडी उडवली होती. लोकांनी टाळ्या दिल्या. फकिरानं घराचं दार लावून घेतलं, पोरांना टोचू दिलं नाही. त्या साथीत त्याच्या मुलीचे दोन्ही डोळे गेले. त्या टाळ्या आठवल्या की इब्राहीमला आजही घास गोड लागत नसे.

तो द्वारकाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. म्हातारीनं तोंड फिरवलं.

"माय, गलती तुमची नाय, शबदाची हाय," तो म्हणाला. "मी नोकरीला लागलो तवा मला मराठी धड येत नव्हती. घरी जाऊन बिवीला, अनवरीला म्हनलो, सरकार लोकांच्या देवी काढाया लावतंय, आपल्याच्यानं हे पाप व्हनार नाय. इस्तिफा लिव्हायला बसलो व्हतो!"

हे त्यानं आजवर अनवरीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. द्वारकाबाई फिस्सकन हसली. "मंग काढता तरी काय?"

"त्या रोगाला देवी म्हनत्यात. त्यो येऊ नाय म्हनून दंडाला जरासं खरवडायचं. तुमची देवी देव्हाऱ्यातच ऱ्हाती."

"आसं व्हय!" म्हातारी उठली. इब्राहीमनं पिशवीत हात घातला तशी म्हणाली, "हितं नाय. चावडीवर चला. तितंच काढायची."

चावडीवर तिनं नातीचा दंड स्वतः पुढं केला. पोर किंचाळली. म्हातारी हलली नाही. मग तिनं निघून गेलेल्या बायांना हाका मारून आणलं आणि पायरीवर बसून एकेकीला समजावू लागली. डॉक्टर मधुसूदन नावं लिहीत होते. इब्राहीमला वाटलं, तेवीस वर्षांची नोकरी आज सार्थकी लागली.

शेवटी साळूबाई आली. पोराला पोटाशी धरून तिनं भीत भीत विचारलं, "काढलेली देवी सरकार कुठं ठिवतंय?"

मागं कुणीतरी खदखदून हसलं.

"कोन हसलं रं?" द्वारकाबाई कडाडली. "इचारतीया ना ती? इचारू द्या तिला!"

इब्राहीमनं तिलाही पहिल्यापासून समजावून सांगितलं. साळूबाईनं पोराची बाही वर केली.