सर्दीच्या घरातली पाहुणी

आमचं घर मोठ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे आणि आमच्या मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरगावच्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाला जागा हवी असली की चर्चमध्ये माना आपोआप आमच्या बाकाकडं वळतात. रीत जुनीच आहे. दवाखान्याजवळ ज्यांची घरं, त्यांनी आळीपाळीनं अशा एखाद्या माणसाला ठेवून घ्यायचं. अंथरूण, आंघोळ आणि दोन्ही वेळचं जेवण. बाळ झाल्यापासून आमची पाळी मी शिताफीनं टाळत आले होते. या खेपेला चर्चच्या पाळकबाईंचा फोन नवऱ्यानं घेतला आणि मामला तिथंच संपला.

"हो म्हणालास?"

"अगं, एकटी बाई आहे. कपडे शिवते. मुलगा कर्करोगाच्या वॉर्डात आहे आणि ही बाहेर व्हरांड्यात झोपते."

"म्हणजे दिवसभर वॉर्डात बसून इथं येणार. आपल्या बबडीला आत्ता कुठं दोन दात आलेत."

"दातांचा काय संबंध?"

"तुला कशाचाच कशाशी संबंध दिसत नाही, म्हणून तर तू हो म्हणतोस."

तो हसला. "पाहुण्याच्या रूपात देवदूतही येतात म्हणे. आपल्याला कळत नाही इतकंच."

"येऊ देत की. देवदूत असला तरी आधी साबणानं हात धुवायचे."

बबडी म्हणजे आमची लेक. थंडीत तिच्या छातीत कफ भरला आणि तिला त्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून तिचा श्वास ऐकणं हे माझं पूर्णवेळ काम होऊन बसलं आहे. मी रसायनशास्त्र शिकलेय, त्यामुळं माझ्या भीतीला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही. दाराची कडी, नळाची तोटी, फोनचं मागचं अंग, कुठं काय चिकटून बसतं ते मला पाठ आहे.

मावशी आल्या त्या कापडी पिशवी पोटाशी धरून. सडपातळ, पन्नाशीच्या, बोटांना सुया टोचून टोचून आलेले घट्टे. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी "या" म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, "हात कुठं धुऊ, बाई?"

कोपरापर्यंत धुतले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून आत जाऊन कपडे बदलले आणि अंगावरचे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले. मी बघतच राहिले. बबडीनं त्यांच्याकडं दोन्ही हात पसरले, तर त्यांनी खुर्ची चांगली वीतभर मागं सरकवली. जेवायलाही खिडकीशी, तोंड बाहेर करून बसल्या. आम्ही मान खाली घातली तेव्हा हात मांडीवर ठेवून थांबल्या.

"मला तुमची प्रार्थना येत नाही हं," त्या म्हणाल्या.

"आम्हाला तरी कुठं रोज धड येते," नवरा म्हणाला. "जेवा तुम्ही."

झोपायच्या आधी मी त्याला म्हटलं, "बघ, याला म्हणतात समजूत. लहान मूल आहे घरात, किती जपतात त्या."

तो म्हणाला, "म्हणजे देवदूत पास झाला."

पहिले काही दिवस असे झकास गेले. मग एका सकाळी बबडी उठली तीच शिंकत. मी तिचं नाक पुसतेय तोवर बाहेरच्या खोलीत पिशवीची खसखस ऐकू आली. मावशी आवराआवर करत होत्या.

"मावशी, कुठं निघालात?"

"व्हरांड्यात जाते, बाई."

"अहो, पण का? आमचं काही चुकलं का?"

"चुकलं कुणाचंच नाही. तुमच्या लेकीला शिंका येतायत."

"साधी सर्दी आहे ती."

"तुमच्यासाठी साधी." त्यांनी पिशवीची गाठ आवळली. "औषधांनी माझ्या पोराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्यात. डॉक्टर म्हणतात, या दिवसांत साधी सर्दीसुद्धा त्याला झेपायची नाही. दारातली सिस्टर माझा घसा बघते, तेव्हा आत सोडते. मी शिंकले तर माझं जाणं बंद. आणि मी नसले की तो घोटभर पाणी घेत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, पण पहिल्या दिवसापासून तुमच्या बाळाची धास्तीच वाटते मला. लहान पोराचं नाक म्हणजे वाहता नळ."

मला कळायला वेळ लागला. ते हात धुणं, कपडे बदलणं, खुर्ची मागं घेणं, हे काहीच माझ्या लेकीसाठी नव्हतं. ते माझ्या लेकीपासून होतं! राग यायला हवा होता, पण मला हसू फुटलं आणि आवरेना.

"मावशी, अहो, मी तुमच्या मागोमाग दाराची कडी पुसत होते!"

"दिसायचं मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चला, आपल्यासारखीच भित्री भेटली."

हसून झालं, पण पिशवी अजून त्यांच्या हातातच होती. मी पाळकबाईंना फोन लावला. दवाखान्याजवळच्या दुसऱ्या घरात शाळकरी पोरं खोकत होती. तिसरं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे खच्चून भरलेल्या बसमधून जा-ये करायची. आणि व्हरांड्यात तर खोकणाऱ्यांची रांगच होती. मग माझं डोकं चालायला लागलं. बबडी आजारी पडल्यापासून ते रिकामंच फिरत होतं, जात्यात दाणे नसताना जातं फिरावं तसं. आता त्यात दाणे पडले.

"पिशवी ठेवा खाली," मी म्हटलं. "तुम्ही कुठंही जायचं नाही. जायचं तर आम्ही जाऊ."

आमच्या घराला बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. न्हाणीघर बाहेरच्या खोलीला लागून. बाहेरची खोली आणि न्हाणीघर मी मावशींना देऊन टाकलं. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे उकळून कडक उन्हात वाळवले. फरशीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं पुसलं, दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, आणि तोवर मावशी दवाखान्यात होत्या. मधलं दार लावून त्याच्या फटीत जुनी चादर कोंबली. आम्ही तिघं मागच्या बाजूला. स्वयंपाकघरातून कचऱ्यासाठी म्हणून एक लोखंडी जिना खाली उतरतो, तोच आमचा राजमार्ग झाला. इस्त्रीच्या शर्टातला नवरा ऑफिसची बॅग सावरत त्यावरून उतरायला लागला, तेव्हा समोरच्या घरातल्यांनी त्याला चोरच ठरवला असणार.

राहता राहिली आंघोळ. खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. इतक्या काळात मी त्यांच्याकडून वाटीभर साखरही आणली नव्हती. त्या दिवशी साबण आणि टॉवेल घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

"एवढी शिकलेली तू," सगळं ऐकून घेत त्या म्हणाल्या, "आणि स्वतःचं न्हाणीघर परक्या बाईला देऊन माझ्याकडं आंघोळीला येणार?"

"हो, काकू. बबडीला सर्दी आहे, हे आधीच सांगते."

"असल्या सर्द्यांना मी आता भीक घालत नाही. तुझा नवरा आंघोळ करताना गातो का?"

"गातो."

"मग त्याला म्हणावं, रेडिओवरच्या बातम्या लागायच्या आत उरक. ये आत, दारात काय उभी!"

बबडी माझ्या अंगाला चिकटलेली, म्हणून मावशींचा स्वयंपाक नवऱ्यानं करायचा ठरलं. नाकातोंडाला कापड बांधून तो सूप, भात, उकडलेली अंडी करायचा. मग झाकलेलं ताट घेऊन लोखंडी जिन्यानं खाली, घराला वळसा घालून पुढच्या जिन्यानं वर, आणि आपल्याच घराची कडी वाजवायची. ताट बाहेरच्या स्टुलावर ठेवून तो परत त्याच वाटेनं येईपर्यंत मावशी बंद दाराच्या पलीकडं थांबलेल्या असत. मग इकडं आम्ही, तिकडं त्या. प्रार्थना त्यांना ऐकू जावी म्हणून तो मोठ्यानं करायचा. लांबली की पलीकडून आवाज यायचा, "भात गार होतोय, साहेब!"

एके दिवशी त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचंही नाव घाला की त्यात." त्यानंतर रोज घातलं.

बबडीचं नाक थांबायच्या आत त्यांच्या मुलाला ताप चढला. मावशी दुपारीच परत आल्या. दाराच्या पलीकडं त्या खाली बसल्याचं मला कळलं, कारण चादर कोंबली होती तिथून, अगदी खालून आवाज आला. "ताप आलाय. कशानं ते सांगता येत नाही म्हणतात. मला बाहेर बसवलं."

कुठं पुसायचं राहिलं? दिव्याचं बटण पुसलं होतं. ताटाची कड? स्टूल? मीही अलीकडं फरशीवर बसले. "मावशी, आमच्या घरातून तर गेलं नसेल?"

"माझं नाक कोरडं, घसा साफ. सिस्टरनं बॅटरी मारून मारून बघितलं. हे त्याच्या आतलंच काहीतरी आहे म्हणतात." त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "उगाच स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नकोस, पोरी."

त्या मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या. मूल त्यांचं तापात, आणि समजूत माझी काढत होत्या. आमच्या मध्ये लाकडाची एक फळी होती. मग त्यांनी विचारलं, "बबडीचा श्वास कसा आहे आता?"

मी बबडीला दाराशी धरलं. "ऐका."

तिच्या चोंदलेल्या नाकानं आपलं काम चोख केलं.

"बापासारखी घोरते की गं," मावशी म्हणाल्या, आणि हसल्या. हसता हसता रडल्या. मी फळीवर हात ठेवून बसले. प्रार्थना मला सुचली नाही, नुसतं 'प्रभू, प्रभू' एवढंच म्हणत राहिले.

औषध बदललं. ताप रेंगाळला, उतरला, पुन्हा चढला आणि मग खरोखरच उतरला. आणखी काही दिवसांनी पुढच्या जिन्यावर धावती पावलं वाजली आणि मधल्या दारावर थापा पडल्या. "चढल्या गं! पेशी चढल्या!" नवरा हातात चमचा आणि नाकाला कापड अशा अवतारात स्वयंपाकघरातून धावत आला. आम्ही दोघांनी दाराला मिठी मारली म्हटलं तरी चालेल.

मुलाला घरी सोडलं त्या दिवशी त्यांना गावी पोचवायला मंडळीतल्या एकाची गाडी संध्याकाळी येणार होती. सकाळी दवाखान्यातून मावशींचा फोन आला. "तोवर त्याला घेऊन तुझ्याकडं टेकू का?"

आता धास्ती माझी होती, पण दुसऱ्याच्या लेकरासाठी. "मावशी, बबडी खडखडीत बरी आहे. तरी पण लहान मूल आहे घरात. नक्की आणताय?"

"तुझ्याकडं नाही आणणार तर कुठं आणू? तुझ्याएवढं भ्यायलेलं घर शोधून सापडायचं नाही."

माझ्या भित्रेपणाला आजवर कुणी असं शाबासकी देऊन गौरवलं नव्हतं. मधलं दार उघडलं आणि पुन्हा एकवार सगळं घर पुसून काढलं.

मुलगा उंच, काठीसारखा, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. आरामखुर्चीत बसून त्यानं टोपी काढली. डोक्यावर एकही केस नव्हता. बबडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मांडीवर होती, आणि तिच्याही डोक्यावर नावालाच जावळ. ती टक लावून बघत राहिली, मग असं खिदळली की तिला धरणं मुश्कील झालं.

"ताई," तो मास्कमधून म्हणाला, "तिला वाटतंय, एवढी थोरली बबडी कुठून आली."

जेवायच्या वेळी नवऱ्यानं मान खाली घातली, तर मावशी म्हणाल्या, "आज मी बोलते. मला येतं तसं." मग हात जोडून त्या एवढंच म्हणाल्या, "देवा, यांनी आम्हाला आत घेतलं. तू बघितलंस."

मुलानं अर्धा भात खाल्ला, आणि अर्धासुद्धा पुष्कळ होता. खुर्चीतच त्याचा डोळा लागला. बबडी माझ्या खांद्यावर पेंगली, तिला पाळण्यात टाकलं. सवयीनं मी तिचा श्वास ऐकला आणि मग खुर्चीपाशी थांबून त्याचाही. गाडीला अजून अवकाश होता. घरात लेकरं झोपली होती, आणि आम्ही दोघी आया, करायला काहीही काम नसलेल्या, चहाचे कप घेऊन एकाच बाजूला बसलो होतो.