सत्तर पावलं पूर्वेला

सात पाऊलठशांपैकी दोन उरले होते. नकाशेवालीने खडकापाशी उकिडवं बसून ते तीनदा मोजले, जणू नीट मोजले तर वाढणार होते. बाकी पाचांच्या जागी छिन्नीचे ताजे, पांढुरके घाव होते. शेजारी कोणीतरी बिस्किटांचा रिकामा पुडा दगडाखाली व्यवस्थित दाबून ठेवला होता. कचरा उडू नये एवढी काळजी त्या भल्या माणसाला होती.

"मी तरी कुठे कुठे पुरा पडणार?" एक्केचाळीस जागांसाठी नेमलेला एकुलता एक पहारेकरी म्हणाला. "आधी इथे कुत्रंही फिरकत नव्हतं. तुमचं ते मोबाइलवालं आलं आणि माणसं थेट दगडापाशी यायला लागली. थेट म्हणजे थेट, मॅडम. कोणाला विचारायलासुद्धा थांबत नाहीत."

माणसांना थेट दगडापाशी आणणं हेच तर तिचं काम होतं. भूशास्त्र खात्याने पर्यटकांसाठी नकाशा काढला होता: मोबाइल हातात धरायचा, तो सांगेल तसं चालायचं आणि दगडापाशी पोचलं की त्याची गोष्ट ऐकायची. गोष्टी सांगणारा आवाजही तिचाच होता, कारण खात्यात दुसरं कोणी माइकसमोर बसायला तयार होईना. "या नकाशात वीतभरही चूक नाही," असं साहेब उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता चोपन्नाव्या वर्षी ते मांस उतरवायला तिला चार महिनेही लागले नव्हते.

नकाशातल्या सगळ्याच जागा तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, डायऱ्यांमधून आल्या होत्या. तेही याच खात्यातले. चाळीस वर्षं पायपीट करून त्यांनी एकेक खडक नोंदवला होता. त्या नोंदी घेऊन ती जागोजाग हिंडली, तेव्हा पस्तीस जागा चोख निघाल्या आणि सहा चुकलेल्या. सहाही वेळा डायरी सांगत होती त्या जागेपासून खरा खडक सत्तर पावलं पश्चिमेला सापडला. समासात छोटं वर्तुळ होतं ते नेमकं या सहांनाच. वर्तुळाचा अर्थ तिने लावला, 'तपासलं'. आणि तपासूनही चुकलं, म्हणजे बाबांचं होकायंत्र बिघडलं असणार. म्हाताऱ्या माणसाला उतारवयात त्याच्या चुका कशाला दाखवायच्या, म्हणून तिने एका दुपारी गुपचूप सहाही जागा दुरुस्त केल्या आणि घरी चकार शब्द काढला नाही.

या जिव्हाळ्याचं फळ आता समोर होतं.

ती घरी पोचली तेव्हा सासरे स्वयंपाकघरात जुन्या बुटांना तेल चोळत बसले होते. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात माणसं दोनच आणि दोघंही दगडांची. बाबांना ब्याऐंशी पूर्ण झाली होती. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, पण डोकं अजून कामावर हजर होतं.

"रविवारी नेतेस ना?" त्यांनी विचारलं.

हा चौथा रविवार. एकदा गाडी दुरुस्तीला होती, एकदा पाहुणे आले, एकदा तिने चक्क आभाळाकडे बोट दाखवलं. पहिला ठसा गेल्याचा पहारेकऱ्याचा फोन तीन आठवड्यांपूर्वीच आला होता. ठशांची ती एकोणीस नंबरची जागा बाबांनी चौतिसाव्या वर्षी शोधली होती. मोजपट्टीचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं होतं, आणि डायरीतलं ते पान त्यांच्याच गोल अक्षरात होतं. कोणे एके काळी ओल्या चिखलातून चालत गेलेल्या कसल्याशा छोट्या प्राण्याची ती पावलं. मरण्याआधी ती एकदा पाहायची, एवढंच बाबांचं मागणं होतं.

तिने पर्स खाली ठेवली. आज थापा मारायचंही त्राण नव्हतं.

"बाबा, ती पावलं कोणीतरी फोडून नेली. पाच गेली, दोन आहेत."

त्यांचा हात बुटावरच थांबला. "कशी गेली? ती जागा तर कुठेच लिहिलेली नाही."

"तुमच्या डायरीत होती. सत्तर पावलं चुकलेली. मला वाटलं, होकायंत्र बिघडलं असेल. मी... दुरुस्त केली."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "पस्तीस जागी चालणारं होकायंत्र सहाच जागी बिघडेल होय गं?"

हा प्रश्न खात्यातल्या कुठल्याही शिकाऊ मुलीला पडला असता. तिला पडला नव्हता, कारण आपण बाबांना सांभाळून घेतोय या विचारातच ती खूश होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"जे हातोडीच्या दोन घावांत निघेल, ते सत्तर पावलं पूर्वेला लिहायचं," बाबा म्हणाले. "आणि समासात वर्तुळ. मला ठाऊक आणि तुझ्या सासूला. म्हणून तर डायऱ्या तुला निर्धास्तपणे दिल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू का नाही विचारलंस?"

बाबांनी बूट खाली ठेवला आणि तेलकट हातांनीच डोळे पुसले. त्यांना रडताना तिने फक्त सासूबाईंच्या वेळी पाहिलं होतं. तिने टॉवेल ओला करून दिला. मग लॅपटॉप उघडला, नकाशा सुरू होण्याआधी त्या खडकाचे चहूबाजूंनी काढलेले फोटो जोडून तयार केलेलं चित्र लावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सातही पावलं होती. खडक फिरवता येत होता, जवळ आणता येत होता. बाबांनी एकेका ठशावर बोट ठेवलं. काचेवर तेलाचे सात डाग पडले.

"छान केलंयस," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मग थोड्या वेळाने, "आठवं यात नाही."

"आठवं?"

"तो प्राणी काय सात पावलं टाकून उडून गेला? पुढे दरडीत शिरतो. तिथली आम्ही उघडी केली, पाहिली आणि परत मातीखाली झाकली."

तिचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. बाबा गप्प झाले. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने लॅपटॉप मिटला.

"सत्तरच का?" तिने विचारलं.

"सत्तर झाली की तुझी सासू म्हणायची, पुरे आता, मी दमले. आणि बसायची. तिथे जुन्या लाटांचे वळ उमटलेली खडकाची फरशी आहे, बघायला झकास. पोरं नाचली तरी झिजत नाही. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये. इतर पाच जागी पण तसंच, काहीतरी टणक शोधून ठेवलंय."

शुक्रवारी तिने सहाही खुणा पुन्हा सत्तर पावलं पूर्वेला सरकवल्या, सहाही गोष्टी तिथल्या टणक दगडांसाठी नव्याने बोलली, एकोणीस नंबरची लाटांच्या फरशीची, आणि साहेबांपुढे बदलांचा कागद ठेवला.

"म्हणजे आपली अचूकता गेली म्हणायची," साहेब म्हणाले.

"गेली," तिने सांगितलं आणि सही केली.

रविवारी लाटांच्या फरशीवर दोन कुटुंबं फोटो काढत होती. ती जाईपर्यंत वाट पाहून तिने बाबांची घडीची खुर्ची तिथे मांडली. त्यापुढे त्यांचे गुडघे जाणार नव्हते. तेल लावलेल्या बुटांनिशी ते बसून राहिले आणि ती पश्चिमेला चालत गेली. ते मागून मोठ्याने पावलं मोजत होते. सत्तरला ती खडकापाशी पोचली. उरलेल्या दोन ठशांवर तिने आणि पहारेकऱ्याने कालच माती पसरली होती.

"आता उजवीकडे, दरडीच्या बुडाशी," बाबांनी सांगितलं.

ती गुडघ्यांवर बसली आणि मातीवर तळहात ठेवला. उकरलं काहीच नाही. तेवढ्यात खिशातल्या मोबाइलमधून तिचाच आवाज आला, तोच माइकसमोरचा, गोड आणि खात्रीचा: "तुम्ही ठिकाणापासून दूर गेला आहात. कृपया मागे फिरा."

"काय म्हणतेय ती?" बाबांनी लांबून विचारलं.

"मी चुकले म्हणतेय."

मग त्यांची हाक आली.

"पुरे आता. दमलीस तू. बस जरा."

ती तिथेच, दरडीला टेकून बसली.