मला भूकंपाने तडकवलं नाही

मित्रांनो, मी एक जुना कोबा आहे. कोबा म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडीची केलेली जमीन. नाथाजींच्या गाडीच्या शेडमध्ये मी पसरलेलो आहे. कोयनानगरला जाणारा घाटरस्ता आमच्या दारासमोरूनच वळतो. माझ्या अंगावर दोन लांबलचक तडे होते. ते कशाने पडले, असं या वाटेवर कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळायचं, "भूकंपानं." साफ खोटं! ते खोटं खोडून काढायलाच मी आज बोलतो आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. पायाखाली राहणाऱ्याने काय जन्मभर गप्पच बसायचं?

आमच्याकडे जमीन हलते, हे मी नाकारत नाही. शेडचे पत्रे खडखडतात, कुत्री भुंकतात, माणसं अंगणात येऊन उभी राहतात, "कितीचा आसंल रं?" असं एकमेकांना विचारतात आणि परत जेवायला बसतात. पण त्यापायी लोकांना एक खोड लागली आहे. दार लागेना, भूकंप. भिंतीचा पोपडा पडला, भूकंप. एकदा लीलाबाईंच्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा त्यांनीही भूकंपाचंच नाव सांगितलं. लीलाबाई म्हणजे नाथाजींच्या मंडळी. बाई तशा खरं बोलणाऱ्या, पण बरणी सासूची होती.

आता माझ्या जन्माचं ऐका. नाथाजी फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन गावी आले आणि त्यांनी वडापसाठी जीप घेतली. वडाप म्हणजे वाटेत हात करील त्याला बसवून कराडपर्यंत पोचवणारी गाडी. त्या जीपसाठी शेड उभी राहिली आणि शेडमध्ये मी आलो. गवंड्याने माझ्यावर असा हात फिरवला की पाण्याचा थेंबही कुठे थांबत नव्हता. तेवढ्यात लीलाबाईंची कोंबडी पळत आली आणि माझ्या ओल्या अंगावर पावलं उमटवून गेली. गवंडी चिडला. मला मात्र ती पावलं फार आवडली. माझ्याकडे आलेला पहिला पाहुणा होता तो.

गवंडी जाताना बजावून गेला होता, पंधरा दिवस पाणी मारायचं आणि गाडी आत घालायची नाही. सिमेंटला पाणी पाजावं लागतं मित्रांनो, तेव्हा ते आतून घट्ट होतं. लीलाबाईंनी माझ्यावर पोती अंथरली. सकाळ-संध्याकाळ त्या बादलीने पाणी घालायच्या आणि वर म्हणायच्या, "पी बाबा, पी." असं मला पुन्हा कुणी म्हटलं नाही.

आणि मग आला दसरा. माझा जन्म होऊन अजून आठवडाही झाला नव्हता. नाथाजींनी जीपला झेंडूचा हार घातला आणि गाडी शेडच्या तोंडाशी आणून उभी केली.

"आवं, थांबा की! अजून वला हाय त्यो," लीलाबाई म्हणाल्या. "अंगणातच पूजा करू."

"मुहूर्त थांबतोय व्हय तुझ्या कोब्यासाठी?" नाथाजी हसले. "फौजेत बर्फावरनं गाडी काढलीया म्या. ह्यो तर सिमिट हाय."

त्यांनी माझ्यावरची पोती ओढून बाजूला फेकली आणि जीप आत घातली. माझ्या अंगावर नारळ फोडला. सगळ्यांना पेढे वाटले. चाकांखाली मी आतल्या आत उलत होतो, त्याकडे बघायला कुणाला सवड होती?

पुढे दिवाळीच्या सुमारास जमीन जराशी हलली. नेहमीसारखीच. दुसऱ्या दिवशी शेड झाडताना नाथाजींना माझे तडे दिसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "गेला! भूकंपानं गेला!" अहो, भूकंपाने मला नुसता पाळणा हलवल्यासारखा हलवला होता. मोडलं होतं ते तुम्ही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण कोब्याला तोंड कुठे असतं?

त्यानंतरची वर्षं कष्टाची गेली. जीपचं तेल गळायचं ते माझ्यावर. जॅक टेकायचा तो माझ्यावर. तड्यांच्या कडा झिजून माझी माती व्हायला लागली. रोज झाडलं तरी रोज धूळ निघायची, आणि लीलाबाई खोकत खोकत म्हणायच्या, "किती गं बाई ही धूळ!" एक नट तड्यात पडला तो अजून माझ्या पोटात आहे. या सगळ्याचं मला काही वाटलं नाही, कामाला आलोय तर काम करायचंच. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. पाहुणे आले की नाथाजी त्यांना शेडमध्ये आणायचे आणि चपलेच्या टोकाने दाखवायचे, "ह्यो बघा भूकंपाचा तडा. धरणी फाटली हुती." पाहुणे च्यक्‌ च्यक्‌ करायचे. मी दात-ओठ खात पडून राहायचो.

नाथाजींची मुलगी शिवांजली. लहानपणी ती माझ्यावर बसून गोट्या खेळायची. मोठी होऊन ती कराडला आयटीआयमध्ये गाड्यांचं काम शिकली आणि मलकापुरात एका गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली राबायला लागली. मोटरसायकलचं इंजिन ती डोळे मिटून खोलते. तिला हवं होतं स्वतःचं गॅरेज, इथे, आपल्या दारात. या वळणावर गाड्या बंद पडतात आणि दुरुस्तीला चांगलं माणूस जवळपास नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

पण माझ्या रूपाने अडचण आडवी पडली होती. जीप जुनी होऊन अंगणात उभी राहिली होती आणि नाथाजींनी दसऱ्याला आणायची म्हणून नवी पिकअप सांगून ठेवली होती. त्याआधी शेड बघायला त्यांनी आप्पासोंना बोलावलं. आप्पासो बांधकामाचे कंत्राटदार. त्यांनी माझ्यावर दोनदा टाच आपटली.

"ह्यो कोबा मेलाय, फौजी," ते म्हणाले. "भूकंपाचा मार हाय ह्यो, मलम लावून बरा व्हनार न्हाई. ब्रेकर लावू, फोडून टाकू."

मेलाय! माझ्या तोंडावर! नाथाजींनी मान डोलावली. फोडायचंच तर जमीन नीट उंच करून शेड खताच्या गोदामाला भाड्याने द्यावी, असं त्यांच्या मनात आलं. पिकअप काय, अंगणात राहील. म्हणजे मी जाणार खड्डे भरायला आणि शिवांजली जाणार परत मलकापुरात, दुसऱ्याचे पाने पुसायला. आमचं दोघांचं नशीब आता एकाच दोरीला बांधलेलं होतं.

शिवांजलीने टेप आणला आणि माझ्या दोन तड्यांमधलं अंतर मोजलं. मग अंगणात जाऊन जुन्या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं. परत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, भूकंप काय जीपच्या चाकाचं माप घिऊन आला हुता व्हय?"

लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू फुटायचं ते फुटलंच. आप्पासो छताच्या पत्र्याकडे बघायला लागले. वा रे पोरी! इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं पहिलं माणूस भेटलं. नाथाजी लालबुंद झाले.

"लय शानी झालीयास न्हवं? मग तूच कर बरा त्याला. दसऱ्यापतूर झाला तर ही शेड तुझ्या गॅरेजला. न्हाई झाला तर दुसऱ्या दिशी आप्पासो ब्रेकर लावतोय. बास!"

मित्रांनो, दुरुस्ती म्हणजे काही गोंजारणं नसतं. तोंडाला फडकं बांधून शिवांजलीने माझ्या तड्यांवरून ग्राइंडर फिरवला आणि सगळा पोकळ भाग उघडा केला. दुखलं, खूप दुखलं. पण आप्पासोंसमोर मेल्यासारखं पडून राहण्यापेक्षा हे दुखणं बरं होतं. मग तिने माझं तेल काढलं. साबण, ब्रश, पाणी, पुन्हा साबण. ती माझ्यावर पाण्याचे थेंब टाकून बघायची. थेंब वर तरंगला की आत अजून तेल आहे, मुरला की जागा साफ झाली.

तेल निघालं तसं दुसरंच उपटलं. प्लास्टिकचा एक कागद तिने चारी बाजूंनी पट्टी लावून माझ्यावर चिकटवला. सकाळी उचलला तर आतून घामेजलेला! शेडच्या मागे डोंगराचं पाणी साचून ते माझ्याखाली येत होतं. शेवटी तिला माझ्यावर लेप द्यायचा होता; अशा ओल्या अंगावर तो दिला असता तर पापडासारखा सुटून आला असता. दसरा जवळ येत होता. कुणी दुसरी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, लावून टाकू. शिवांजलीने कुदळ घेतली आणि मागे चर खणला. पाणी रस्त्याकडेच्या गटाराला लागलं. मग ती रोज कागद चिकटवायची, रोज उचलायची, आणि रोज मान हलवायची. मला सुकायला जेवढे दिवस लागायचे तेवढे लागले. एके सकाळी कागद कोरडा निघाला, तेव्हा तिने मला चक्क एक टाळी दिली.

लेप होता इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनाचा. तो दोन डब्यांत येतो. दोन्हींतलं मिसळलं की तो घट्ट व्हायला लागतो आणि मग कुणाचं ऐकत नाही. शिवांजलीने वाळू घालून आधी तडे भरले, ते उत्तम झालं. पण लेपाच्या वेळी तिने घाईने बादलीभर मिसळला आणि रोलर शोधायला गेली. परत येते तो बादलीतून धूर! सगळं बादलीतच दगड होऊन बसलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतीस कशाला?" लीलाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर कडेगावचं, बालपण गुऱ्हाळावर गेलेलं. "गुळाचा पाक कडईत ठिवला की करपतोय. गार करायच्या वाफ्यात वतून पसरला की मग घोटायला दम मिळतोय. थोडं थोडं कालव, आन्‌ लगीच वतून पसर."

मग मायलेकी दोघी लागल्या. एक कालवते, एक पसरते. भिंतीपासून मागे सरकत सरकत त्या दाराशी आल्या. कोंबडीच्या पावलांभोवती मात्र शिवांजलीने चिकटपट्टी लावली होती. तेवढीच जागा तिने तशी सोडली.

लेप पूर्ण झाला आणि दसरा दोन दिवसांवर आला. नाथाजी दारातून वाकून बघून गेले. माझ्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं असावं, कारण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. पण तोंडातून चांगला शब्द? छे! फौजी ना.

दसऱ्याला पिकअप आली. झेंडूचा हार, हळदकुंकू, आपट्याची पानं घेऊन आलेली गावची माणसं, त्यात आप्पासोही. नाथाजींनी गाडी वळवली आणि थेट शेडच्या उंबऱ्याशी आणली. शिवांजली दारात उभी होती.

"आबा, गाडी आत घालायची न्हाई. आटवडाभर जड काय ठिवायचं न्हाई ह्याच्यावर."

"बाजूला हो गं. मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त गाडीचा हाय. माझ्या कोब्याचा मुहूर्त आठ दिसांनी हाय."

बाप इंजिन बंद करीना आणि लेक जागची हलेना. चाक माझ्यापासून वीतभर अंतरावर थरथरत होतं. तेच दार, तोच सण, तोच माणूस. मी घाबरलो नाही, उगाच कशाला खोटं सांगू? मला संताप आला होता. ये, मी म्हटलं, यायचं तर ये! पण या वेळी तडा गेला तर भूकंपाचं नाव घेतलेलं मी ऐकून घेणार नाही.

तेवढ्यात लीलाबाई घरातून आल्या. त्यांच्या हातात एक पोतं होतं. ते पोतं त्यांनी पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि चाकाच्या पुढे उंबऱ्यावर नीट अंथरलं. मग पदराला हात पुसत बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

नाथाजी त्या पोत्याकडे बघत राहिले. लोक वाट बघत होते. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं.

"काय फौजी? घ्या की आत," आप्पासो म्हणाले.

"न्हाई. कोबा कच्चा हाय." नाथाजी गाडीतून उतरले. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मागल्या बारीला असाच दामटला हुता म्या. ही नगं नगं म्हनत हुती. भूकंप-बिकंप काय न्हवता, आप्पासो. ह्या कोब्याचा भूकंप मीच हुतो."

नारळ अंगणातल्या दगडावर फुटला. पूजा तिथेच झाली. लीलाबाई पेढे वाटताना डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. आणि मी? इतक्या वर्षांचा माझा राग एका वाक्यात उतरला. अगदी सगळा नाही. थोडा ठेवलाय, तो उपयोगी पडतो.

आता इथे शिवांजलीचं गॅरेज आहे. पडलेला नट लगेच सापडतो, सांडलेलं तेल फडक्याने पुसलं जातं. परवा भर दुपारी ती एका मोटरसायकलची साखळी घालत होती आणि धक्का आला. नेहमीपेक्षा मोठा. पत्रे कडाडले, भिंतीवरचे पाने खळखळ खाली आले, सगळे बाहेर पळाले. हलायचं थांबल्यावर आधी कोण आत आलं? नाथाजी. चपला दारात काढून. गुडघ्यांवर बसून त्यांनी भरलेल्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शिवा!" ते ओरडले. "काय सुदिक झालं न्हाई गं ह्याला!"

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात, गल्लीत कुणीतरी तडकलेलं असेल. त्याला मेलाय म्हणण्याआधी टेप घेऊन तडा मोजा, आणि तो कशाने पडला हे खरं खरं सांगा. कच्चं असताना कुणावर गाडी घालू नका. पाणी पाजा, थोडं थांबा. एवढं केलंत तर मग जमीन हलायची तेवढी हलू दे. मी आहे इथेच.