चौकातला कोटवाला

रोही, म्हणजे नीलगाय, सहसा एकटा रस्ता ओलांडत नाही. एक गेला की मागे दुसरा असतो.

मोठ्या फ्लेक्समध्ये वारा भरू नये म्हणून त्यात ब्लेडने अर्धगोल चिरा मारतात. चेहरा तेवढा सोडतात.

काळ्या इन्सुलेशन टेपचं भेंडोळं मनगटात घालता येतं. दोन्ही हात मोकळे राहतात.

फ्लेक्स छापणाऱ्या क्षितिजच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये चार कोट आहेत. काळा, निळा, मरून आणि एक खिशाला गुलाब लावलेला. चारही कोटांना मुंडकं नाही.

नागपूरहून येणारी पावणेसहाची एसटी मारेगावला सहाच्या आत क्वचितच येते.

सहा वर्षांच्या मुलांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोत बहुतेक वेळा अंगठा येतो.

*

उर्वशी सहा वर्षांची आहे. तिचा बाप राजदीप वायरमन होता. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला विजेचा बोर्ड त्याने बसवलेला. वणीहून काम आटोपून परत येताना रोही आडवा आला, मोटरसायकल पडली, डोक्याला मार लागला आणि तो जागेवरच मेला. वय बत्तीस.

हे उर्वशीला कोणी सांगितलं नाही. तिच्या मामाने तिला शाळेतूनच उचललं आणि उमरखेडला आपल्या घरी नेलं. लहान जीव आहे, तिने पाहायला नको, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं असं विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर, अकराव्या दिवशी, मामा तिला परत घेऊन आला. एसटीतून उतरून चौकात आले तर समोर फ्लेक्स. दहा बाय आठ. हाताची घडी घातलेला, निळ्या कोटातला, लाल टाय लावलेला, गोरापान माणूस. खाली युवा मंडळाच्या सतरा पोरांची नावं.

"हा कोण व्हय, मामा?"

मामा म्हणाला, "बाबा हायेत ना तुहे."

उर्वशी हसली. "बाबा कोट नाई घालत."

घरी आई, वैष्णवी, भिंतीला टेकून बसली होती. आईचे डोळे सुजलेले होते. उर्वशीने दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, तू त्या कोटवाल्यासाठी काहून रडून राह्यली?"



*

पहिल्या दिवशी उर्वशी साडेपाचला बसस्टँडवर सापडली. मोठा रस्ता एकटीने ओलांडून गेली होती.

दुसऱ्या दिवशीही. स्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या बसंतीबाईने तिला टोस्ट दिला आणि आपल्या बाकड्यावर बसवलं.

तिसऱ्या दिवशी ऑटोवाला गुलाबसिंग तिच्याजवळ बसला. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही.

पाचव्या दिवशी ती नागपूरच्या गाडीत चढली. एकेक सीट पाहत मागपर्यंत गेली. कंडक्टरने घंटी मारली. ती पुढच्या फाट्यावर लक्षात आली. कंडक्टरने तिला समोरून येणाऱ्या ऑटोत बसवून परत पाठवलं. त्या अर्ध्या तासात वैष्णवीने वस्तीतल्या दोन विहिरी पाहून घेतल्या होत्या.

*

सत्यशीलाताई अंगणवाडी सेविका आहेत, बावीस वर्षांपासून. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी कोणालाच उठू दिलं नाही. बसंतीबाई आणि गुलाबसिंग यांनाही निरोप देऊन बोलावलं होतं. उर्वशी तेव्हा शाळेच्या मैदानात खेळत होती.

"या पोरीले कोणं काय सांगतलं ते एकेकानं सांगा. मी वरडत नाई."

ताईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं.

"माह्यापासून घ्या. मी म्हणलं, बाबा झोपले. आता ते पोट्टी डोळे मिटाले भेते. आईलेही झोपू देत नाई."

युवा मंडळाचा संघर्ष, राजदीपचा लहानपणापासूनचा मित्र, खाली पाहून म्हणाला, "नागपूरले मोठ्या कामावर गेला म्हणलं मी."

"म्हणून ते नागपूरच्या गाडीत चढली, बाप्पा."

"मले काय मालूम चढन म्हणून!"

बसंतीबाई म्हणाली, "मी तारा झाला म्हणलं. तं कोणता म्हणे. दाखवला एक. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. लय रडली. मंग मी म्हणलं सुट्टीवर हाय तारा."

दोघं-तिघं हसले.

राजदीपचे वडील उकंडाबाबा खांबाजवळ बसले होते. "मी दवाखान्यात हाय म्हणलं. नीट होऊन येते म्हणलं."

"म्हणजे एकच बाप नागपुरात, दवाखान्यात, आभाळात अन् झोपेत," सत्यशीलाताई म्हणाल्या. "अन् आपुन म्हणतो पोट्टी ऐकत नाई. आता सगळ्यायनं एकच सांगाचं. तुहे बाबा मेले. गाडीवरून पडले. ते परत येत नाई. म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता. माह्या मागं."

"वारले म्हणू का ताई?" संघर्षने विचारलं. "मेले लय कसंतरी वाटते."

"कोणाले वाटते? तुले का तिले?"

चाळीसेक माणसं अंगणवाडीतल्या पोरांसारखी एका सुरात म्हणाली. पहिल्यांदा अर्धीच म्हणाली. दुसऱ्यांदा बरीच. तिसऱ्यांदा वैष्णवीही म्हणाली. उकंडाबाबांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"बाबा, तुमचं राहू द्या."

"राहू कायले देऊ? म्हणतो ना." ते उठले, भिंतीकडे तोंड केलं आणि तिन्ही वाक्यं म्हणाले. मग चपला घालून घरी गेले. चपला दुसऱ्याच्या होत्या. ज्याच्या होत्या तो अनवाणी घरी गेला.

*

पुढचे चार दिवस वस्तीने उर्वशीला खरं सांगितलं. किराणावाल्याने सांगितलं, शाळेतल्या बाईंनी जवळ घेऊन सांगितलं, गुलाबसिंगने ऑटो बंद करून सांगितलं. कोणी चुकलं नाही, कोणी शब्द बदलला नाही.

उर्वशी नीट ऐकून घेई. "हो," ती म्हणे. "कोटवाला मेला."

आणि साडेपाचला स्टँडवर जाई.

गुरुवारी सत्यशीलाताई तिच्याशेजारी बाकड्यावर बसल्या.

"तो कोटवाला बाबा नोहोय, हे तुले कसं समजलं वो?"

"त्याच्या हातात पट्टी नाई."

"कोणती पट्टी?"

उर्वशीने डाव्या मनगटाभोवती बोट फिरवलं. "काळी. चिकट. बाबा जेवतानीही काढत नाई."

ताईंनी चौकाकडे पाहिलं. फ्लेक्सवरच्या माणसाची दोन्ही मनगटं कोटाच्या बाहीत होती, आणि हात कॉम्प्युटरमधले होते.

*

"आधार कार्डाचा फोटो तू दिलास," क्षितिज संघर्षला म्हणाला. त्याच्या दुकानात बॅनर, लग्नपत्रिका, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळं होतं. "चेहरा उजळ कर, तूच म्हणालास. कोट निळाच पाहिजे, तेही तूच."

"हो बे. माहीत हाय मले."

"सगळेच कोट मागतात. मागे एका आजोबांना घातला. जन्मभर धोतर नेसलेला माणूस. घरचे खूश झाले."

संघर्ष स्टुलावर बसला. विहारातल्या तसबिरीत बाबासाहेबांचा कोट निळा आहे. एकोणिसाव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या भिंतींना भोकं पाडत फिरलेला आपला दोस्त एकदा तरी चौकात साहेबासारखा उभा राहावा, एवढंच त्याच्या मनात होतं. हे त्याने क्षितिजला सांगितलं नाही.

"दुसरा बनव," तो म्हणाला. "कोटाबिगर."

*

उकंडाबाबा नाही म्हणाले.

"माह्या पोराले जुन्या शर्टात उभं करता चौकात? येणारेजाणारे काय म्हणतीन? याच्या घरच्यायनं एक कोट नाई घातला याले? माह्या बापाले अंगात बंडी नोहोती. माही जिंदगी शर्टावर गेली. पोरगा तरी कोटात जाऊ द्या."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

वैष्णवी दारात आली. एरवी ती सासऱ्यासमोर फार बोलत नाही. "मामाजी, सगळं जग त्यायले कोटात ओळखते. एक त्यायचीच पोरगी ओळखून नाई राह्यली."

म्हाताऱ्याने टोपी काढली, झटकली, परत घातली.

"त्या दुकानवाल्याले सांग," ते संघर्षला म्हणाले, "कोट फेकजो नको म्हणा. मी मेलो का मले घालजा."

संघर्षने निरोप पोचवला. क्षितिज म्हणाला, "बाबांना सांग, राखून ठेवतो. माप लागत नाही."

*

फोटो वैष्णवीच्या मोबाइलमध्ये होता. उर्वशीने काढलेले त्रेसष्ट फोटो होते. शेजारची शेळी. पंखा. स्वतःचा पाय. पंखा. शेळीचा कान. चौतिसावा राजदीपचा. दारात उभा, चौकडीचा शर्ट, खिशात टेस्टर, डाव्या मनगटात टेपचं काळं भेंडोळं. हसल्यामुळे डोळे जवळजवळ मिटलेले. खाली डाव्या कोपऱ्यात तपकिरी, धूसर गोळा.

"हा अंगठा काढून टाकतो," क्षितिज म्हणाला. माउस तिथे गेलाही.

"राहू द्या," वैष्णवी म्हणाली.

"आणि डोळे जरा..."

"त्यायचे असेच होते."

*

शनिवारी पाच वाजता जुना फ्लेक्स उतरला, नवा चढला. संघर्षने चिरा मारू दिल्या नाहीत.

सत्यशीलाताईंनी उर्वशीला आधीच सांगून ठेवलं होतं की चौकात बाबांचा फोटो लागला आहे, आपण पाहायला जाऊ, पाहावंसं नाही वाटलं तर परत येऊ. वस्तीलाही सांगितलं होतं, गर्दी करू नका. त्यामुळे गर्दी नव्हती. फक्त किराण्याच्या दुकानात एकाच वेळी अकरा माणसांना मीठ पाहिजे होतं, आणि बसंतीबाई टपरी सोडून चौकात येऊन एकच ग्लास पुसत उभी होती.

उर्वशीने मान वर केली.

"पट्टी हाय," ती म्हणाली.

"हो."

मग ती खाली डाव्या कोपऱ्याशी गेली. तो गोळा आता तिच्या डोक्याएवढा होता. तिने त्यावर हात ठेवला.

"हा माहा अंगठा हाय."

"हो."

"मंग हे बाबाच हाय."

"हो, माय."

"मेले?"

"मेले."

"अन् कोटवाला?"

"कोटवाला कोणीच नोहोता. कोट कॉम्प्युटरातला होता. आमाले वाटलं, बाबा चांगले दिसतीन."

"नाई दिसले."

"नाई दिसले. आमचं चुकलं."

उर्वशी अंगठ्यापाशी उभी होती. "कायनं पडले?"

"रोही आडवा आला."

"बाबानं ब्रेक काहून नाई मारला?"

"मले नाई माहीत."

तेव्हा ती रडली. आधी उभ्यानेच, मग फ्लेक्सखालच्या धुळीत बसून. वैष्णवी किराण्याच्या दुकानातून पळत आली आणि तिच्याशेजारी धुळीतच बसली. आज आई कोणासाठी रडते आहे हे उर्वशीने विचारलं नाही. अकरा जणांनी मीठ तिथेच ठेवलं.

पाच पन्नासला उर्वशी उठली. नाक फ्रॉकला पुसलं आणि स्टँडकडे चालू लागली. वैष्णवी थांबवायला गेली, ताईंनी तिचा हात धरला. सगळे मागे मागे गेले.

गाडी आली. त्या दिवशीचाच कंडक्टर होता. पोरीला पाहून त्याने आधी दार अडवलं.

"माहे बाबा मेले," उर्वशी त्याला म्हणाली. "गाडीवरून पडले. ते परत येत नाई."

कंडक्टर दारात तसाच उभा राहिला. "बरं, बेटा," तो म्हणाला. माणसं उतरली, माणसं चढली. त्याने घंटी मारली.

*

संध्याकाळी तिच्याजवळ बसायची वस्तीची पाळी मात्र सुटली नाही. साडेपाचला कोणी ना कोणी उर्वशीला आपल्या घरी घेऊन जातं आणि राजदीपने बसवलेला बोर्ड दाखवतं. बसंतीबाईच्या घरी पंख्याचं बटन दाबलं की मोरीतला बल्ब लागतो. "तुह्या बापाचं काम," ती म्हणते. "सहा वर्षं म्हणे, उद्या येतो, उद्या येतो." उर्वशी ते बटन पुन्हा पुन्हा दाबते. गुलाबसिंगने आपल्या घरचं बिघडलेलं बटन बदलायचं रद्द केलं आहे.

नवा फ्लेक्स तीन आठवडे टिकला. चिरा नव्हत्या, म्हणून वाऱ्याने वरून फाटला. खालचा डावा कोपरा उकंडाबाबांनी कापून घरी नेला.

अपघात पाहणारा एकच जण होता, मागून ट्रॅक्टर घेऊन येणारा. पहिल्या रोहीसाठी राजदीपने ब्रेक मारला होता. तो पूर्ण थांबला होता, आणि रोही रस्त्यापार गेल्यावरच निघाला होता. दुसरा मागेच होता.