निरुपाच्या पाकिटातलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. माझे कोपरे झिजलेत, आकडे पुसट झालेत. निरुपा काठमांडूहून टेक्सासला शिकायला आली, तेव्हा बँकेने तिच्याकडून अनामत ठेवून घेतली आणि मला तिच्या हाती दिलं. इथे कधीच उधारी न केलेल्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून ती माझ्यावर थोडा किराणा घ्यायची आणि बिल आलं की लगेच फेडायची. अशी चार वर्षं खपून आम्ही पत कमावली. मला तिचा भारी अभिमान होता.

मग तिच्या खोलीत सरिशा राहायला आली. ती नवी विद्यार्थिनी, पत शून्य. निरुपाने माझ्याच खात्यावर तिचं नाव घातलं. तिलाही त्याच खात्याचं दुसरं कार्ड, माझं जुळं भावंड, मिळालं.

"आता माझ्याबरोबर तुझीही पत तयार होईल," निरुपा म्हणाली. "फक्त जपून हं."

दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या सणाला निरुपाचे आईबाबा पहिल्यांदाच येणार होते. त्यांच्यासाठी तिने मोठ्या घराला अर्ज केला. इकडे सरिशाने त्यांच्याच स्वागताला बोकडाचं मटण, रजया, मोठा कुकर असं सगळं आणलं. खात्यावरची उधारी मर्यादेच्या काठापर्यंत आली. भावंडावरची प्रत्येक खरेदी मला दिसत होती, तरी मी मुकाट्याने मंजुरी देत राहिलो. ते अजून मनाला खातं.

घरमालकाने पत तपासली आणि नकार कळवला.

"दीदी, मी मर्यादेच्या आतच होते ना गं? पगार झाला की सगळे भरणार होते," सरिशा रडवेली झाली.

"अगं वेडे, खातं उधारीने इतकं भरलेलं दिसलं की यांना वाटतं, हिच्याकडे दमडी उरली नाही."

"मग मला चांगलं झाप तरी."

"झापून घर मिळणार आहे का? चल, कांदा चिर."

आईबाबा त्याच एका खोलीत राहिले. सरिशाने आपली खाट आईंना दिली आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर झोपू लागली. दशमीला आईंनी तिच्या कपाळाला दही-तांदळाचा टिळा लावला, हातावर दक्षिणेची नोट ठेवली.

"किती गुणाची पोर. आमच्यासाठी जमिनीवर झोपते," त्या म्हणाल्या.

सरिशाने मान वर केली नाही. मोठं घर कशामुळे हुकलं ते न सांगता निरुपा ताटं वाढत राहिली.

पुढे सरिशाने पै न पै फेडली. महिन्याभरात पत पूर्वीसारखी झाली, पण तोवर आईबाबा परत गेले होते.

मित्रांनो, कुणी आपल्या नावाशेजारी तुम्हाला जागा दिली, तर हात लावण्याआधी त्याला एकदा विचारा. दक्षिणेची ती नोट सरिशाने निरुपाच्या पाकिटात, माझ्याशेजारी सरकवून ठेवली आहे. निरुपा ती खर्चही करत नाही आणि परतही देत नाही.